पट्टे सुटले नव्हते

अरुणा देवस्थळी सिंगापूरला आली तेव्हा तिला साधी स्कूटरही चालवता येत नव्हती. नवरा सुबोध एका परदेशी बँकेच्या आयटी विभागात मॅनेजर. त्याच्याकडे नोकरीचा परवाना, म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, अरुणा आणि मुलगी जाई त्याच्या आधाराने डिपेंडंट पासवर. मरीन परेडला एका कॉन्डोत भाड्याचं घर होतं, खिडकीतून समुद्राची एक पट्टी आणि नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसायची. पुण्यात अरुणा शाळेत गणित शिकवायची. इथे तिने वर्षभर नोकरी शोधली, मग शोधणं हळूहळू बंद झालं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "सध्या जाईकडे बघते." जाई लवकरच स्वतःची बस पकडून शाळेत जायला लागली, तरी उत्तर तेच राहिलं.

चाळिशी उलटली की काही पुरुष मॅरेथॉन पळायला लागतात, काही कॅमेरे विकत घेतात. सुबोधला एटीव्हीचं वेड लागलं. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, चिखल म्हणू नका, वाळू म्हणू नका, कुठेही घुसणारी गाडी. ते खूळ त्याच्या डोक्यात भरवलं त्याच्या बॉसने. ग्रॅहम ऑस्ट्रेलियन होता आणि त्याचं बालपण म्हणे असल्याच गाडीवर गेलं होतं. सिंगापुरात ती चालवायला जागा नाही. म्हणून पूल ओलांडून मलेशियात जायचं, जोहोरच्या पाम तेलाच्या मळ्यांमधल्या कच्च्या वाटांवर आणि पलीकडच्या किनाऱ्यावर.

सुबोधने एकट्याने उडी घेतली नाही. त्याच्याच टीममधला प्रबोध त्याने सोबत ओढला. दोघांनी मिळून दोन जुन्या एटीव्ही घेतल्या, आणि रात्री मुक्कामाला गाडीमागे ओढायची एक वापरलेली कॅरॅव्हॅन. हे सगळं राहायचं जोहोरमधल्या एका यार्डात. यार्डाचा मालक साठी ओलांडलेला चिनी गृहस्थ होता, सगळे त्याला अंकल सेंग म्हणत. ओढायला पिकअपही त्याचीच.

प्रबोधची बायको रुचिरा. ती एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करायची. ते दोघं पासिर रिसला राहत. वयाने ती अरुणापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण दोघींचं जमलं. रुचिराने अरुणाला बॅडमिंटन खेळायला लावलं, आणि अरुणाने रुचिराला पुरणपोळी शिकवली, जी तिला शेवटपर्यंत नीट जमली नाही. सिंगापुरात अरुणाची मैत्रीण म्हणावी अशी ती एकटीच.

सुरुवातीच्या सहलींमध्ये पुरुष गाड्या उडवायचे आणि बायका कॅरॅव्हॅनच्या चिमुकल्या ओट्यावर पोहे करायच्या. अरुणाला याचा लवकरच कंटाळा आला. यार्डात सामान चढवायला तास-दीड तास लागायचा. तेवढा वेळ ती सेंगच्या मागे उभी राहून बघायला लागली. एके दिवशी त्याने काही न बोलता पट्ट्याचं एक टोक तिच्या हातात दिलं.

सेंग मोडक्या इंग्रजीत, निम्मं हातांनी बोलायचा. "हँडलला बांधायचं नाही. हँडल फिरतं. खाली, लोखंडाला." एटीव्ही पिकअपच्या हौद्यात चढवायची, गिअरमध्ये ठेवायची, ब्रेक लावायचा, पेट्रोलचा कॉक बंद करायचा. चार कोपऱ्यांतून चार पट्टे. रॅचेटचा, म्हणजे आवळायच्या खटक्याचा, दांडा मागेपुढे करत पट्टा इतका ताणायचा की गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर खाली बसली पाहिजे. आणि निघाल्यावर थोडं अंतर गेलं की थांबून पुन्हा ताणायचे. "गाडी बसते, पट्टा ढिला होतो. प्रत्येक वेळी. मी तीस वर्षं बांधतोय, तरी थांबतो."

कॅरॅव्हॅनचं त्याने तिला हातगाडीवर दाखवलं. दोन चाकांची हातगाडी घेतली, तांदळाचं पोतं चाकांच्या थोडं पुढे ठेवलं आणि ओढली. ती गुमान मागे आली. मग पोतं चाकांच्या मागे ढकललं आणि पुन्हा ओढली. गाडीचं पुढचं टोक हातातून वर उचललं जायला लागलं आणि मागचं डावीउजवीकडे झोकांड्या खायला लागलं.

"नाक हलकं, शेपूट जड. मग गाडी तू चालवत नाहीस, शेपूट चालवतं," सेंग म्हणाला. "आणि डुलायला लागली तर ब्रेक नाही. पाय वर घ्यायचा, स्टीअरिंग सरळ. आपोआप शांत होते. ब्रेक मारला की खलास."

अरुणा गणिताची बाई. तिला हे लगेच कळलं, आणि आवडलंही. इतक्या वर्षांत या देशात तिला कुणी काही नवीन शिकवलं नव्हतं. पुढे तिनेच गाडीचं लायसन्स काढलं, आणि सहलीला जाताना बांधाबांध करणं तिचंच काम होऊन बसलं. सुबोध हसून सांगायचा, "आमची लोडमास्टर." तो कौतुकाने म्हणायचा की थट्टेने, ते तिला कधी कळलं नाही.

सेंगचा एक नियम होता. पिकअपच्या हौद्यात एकच एटीव्ही, मागे रिकामी कॅरॅव्हॅन. दुसरी एटीव्ही त्याच्या पुतण्याच्या लॉरीतून. हौद्यात दोन मावत नव्हत्याच.

दोन हजार चौदाच्या चिनी नववर्षाच्या सुटीत ग्रॅहम पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर यायला निघाला. त्या सुटीत सेंगचा पुतण्या गावी गेला होता आणि लॉरी बंद होती. सेंगही घरी जेवणावळीत. त्याने किल्ली दिली आणि फोनवर सांगितलं, या वेळी एकच गाडी न्या.

"दोन्ही न्यायच्या," सुबोध यार्डात म्हणाला. "ग्रॅहम एवढा पहिल्यांदा येतोय. त्याला काय नंबर लावून बसवू?"

"दुसरी कशात नेणार?"

"कॅरॅव्हॅनमध्ये. मागचं दार पूर्ण उघडतं की."

ते खरं होतं. आधीच्या मालकाने त्या कॅरॅव्हॅनमध्ये फिरतं खाण्याचं दुकान चालवलं होतं आणि मागची भिंत कापून मोठं दार बसवलं होतं. पण पुढे ओटा होता, फ्रिज होता.

"गाडी पुढे सरकणार नाही," अरुणा म्हणाली. "सगळं वजन चाकांच्या मागे येईल. सेंगने नको म्हटलंय."

"अगं, तीनशे किलोची गाडी आहे, हत्ती नाही. आणि तासाभराचा रस्ता. हळू चालवतो."

ग्रॅहम आपली गाडी घेऊन यार्डाबाहेर उभा होता. त्याच्या मुलीशी गट्टी जमल्यामुळे जाई त्याच्याच गाडीत बसली होती. रस्ता दाखवायला प्रबोधही तिकडेच गेला. पिकअपजवळ सुबोध, अरुणा आणि रुचिरा राहिले. अरुणाने पुन्हा एकदा नको म्हटलं. सुबोधने हात जोडल्याचा अभिनय केला आणि फळी लावून दुसरी एटीव्ही कॅरॅव्हॅनमध्ये चढवली. मग अरुणाने ती बांधली. दुसरं काय करणार होती? चढवलीच आहे तर निदान नीट बांधावी, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. सेंगच्या खोलीतून तिने सगळ्यात रुंद पट्टे आणले आणि दांडा मागेपुढे करता करता हातावर वळ उठेपर्यंत ताणले.

ती सुबोधच्या शेजारी बसली. सुबोधच्या मागे रुचिरा, खिडकी उघडी टाकून, उजवा हात खिडकीबाहेर.

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत काही जाणवलं नाही. मग सुबोधने वेग वाढवला, आणि अरुणाला पाठीला ते कळलं. कुणीतरी मागून गाडीचा पदर धरून हलकेच इकडेतिकडे ओढावा तसं.

"मागे डुलतंय," ती म्हणाली. "पंपावर थांब. पट्टे बघते, आणि ती गाडी आपण उतरवू. यार्डात परत ठेवू."

"ग्रॅहम पुढे गेलाय."

"त्याला फोन करते. सुबोध, थांबव."

"अरुणा, मला चालवू दे."

रुचिरा मागून म्हणाली, "थांबा ना पाच मिनिटं, मलाही पाणी घ्यायचंय." पंप आला आणि गेला.

पुढे उतार होता. दोन्ही बाजूंना पामची झाडं, कडेला काँक्रीटचा खोल नाला. मागून एक भरधाव लॉरी आली आणि त्यांना ओलांडून गेली. तिच्या वाऱ्याने कॅरॅव्हॅन एकदा उजवीकडे फेकली गेली, मग डावीकडे, मग आणखी जोरात उजवीकडे. अरुणा म्हणाली, "ब्रेक नको, पाय काढ." सुबोधने ब्रेक दाबला.

कॅरॅव्हॅनने पिकअपला मागून वळवलं आणि स्वतः आडवी झाली. पिकअप गर्रकन फिरून उजव्या कुशीवर नाल्यात गेली. अरुणाला खांद्याला सीटबेल्टचा मार बसला आणि कपाळावर खोक पडली. सुबोधला खरचटलंही नाही. रुचिराचा उजवा हात खिडकी आणि काँक्रीटच्या मध्ये सापडला.

सेंग लाल शर्टात आला. नववर्षाच्या जेवणावरून उठून, ओढायची लॉरी घेऊन. तोवर रुचिराला हॉस्पिटलात नेलं होतं, प्रबोध तिच्याबरोबर गेला होता. ग्रॅहम मुलींना घेऊन मागे फिरला होता. रस्त्याकडेला कपाळावर रुमाल धरून अरुणा बसली होती आणि सुबोध पोलिसांशी बोलून परत आला होता. सेंगने आडव्या कॅरॅव्हॅनचं मागचं दार ओढून उघडलं. आत कपबशांचा चुरा, गाद्या, फ्रिजमधलं दही. आणि जी आता भिंत झाली होती त्या जमिनीला, चारही पट्ट्यांवर, एटीव्ही जशीच्या तशी लटकत होती. इंचभर हलली नव्हती.

सेंग अरुणाला म्हणाला, "बांधलं चांगलंस. वजन चुकलं."

सुबोध तिथेच उभा होता. त्यानेही आत बघितलं.

रुचिराला दुसऱ्या दिवशी सिंगापूरला आणलं. कोपराचं आणि मनगटाचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये प्रबोध भिंतीला टेकून उभा होता, दाढी वाढलेली, अंगावर तेच कपडे. सुबोध आणि अरुणा त्याच्याजवळ गेले. प्रबोधने विचारलं, "झालं काय नक्की?"

सुबोध म्हणाला, "आतली गाडी सुटली. ती मागे आपटली आणि कॅरॅव्हॅनचा तोल गेला."

"पट्टे?"

"पट्टे अरुणाने बांधले होते," सुबोध म्हणाला. मग त्याने अरुणाच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. "तिचा दोष नाही रे. होतं असं. तिने तिच्या परीने बांधले होते."

प्रबोधने अरुणाकडे बघितलं. अरुणाने तोंड उघडलं, आणि तिला वाटलं की आपण आता जे बोलू ते या माणसासमोर, ज्याची बायको आत भूल उतरायची वाट बघत पडली आहे, भांडण म्हणून पडेल. ती म्हणाली, "रुचिरा कशी आहे?"

त्या एका प्रश्नाने सगळं ठरून गेलं.

घरी आल्यावर तिने सुबोधला विचारलं, "असं का सांगितलंस? तू पाहिलंस की आत."

सुबोध सोफ्यावर बसून बूट काढत होता. तो ओरडला नाही. त्याचा आवाज समजूतदार होता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो तसा. "नीट विचार कर. ग्रॅहमची मुलगी त्या सहलीत होती. नको सांगितलेलं असताना मी वजन लादलं आणि सांगूनही थांबलो नाही, हे त्याला कळलं तर तो मला पुढे नेईल? माझा पास गेला की तुझा जातो, जाईचा जातो, तिची शाळा जाते. एका महिन्यात सामान बांधून पुण्याला."

"म्हणून माझ्यावर?"

"तुझ्यावर काय होणार आहे? तुला नोकरी नाही, बॉस नाही. तुला कुठे कुणाला जाब द्यायचाय? महिनाभर लोक बोलतील, विसरतील."

अरुणाने ती रात्र आणि पुढचे बरेच दिवस या वाक्यात चूक शोधण्यात घालवले. तिला कुणाला जाब द्यायचा नव्हता, हे खरंच होतं.

लोक मात्र विसरले नाहीत. परक्या देशात माणसं थोडी, गोष्टी त्याहून थोड्या. एखादी मिळाली की ती पुरवून पुरवून वापरतात. त्या वर्षी गणपतीच्या मखराला दोऱ्या बांधायच्या होत्या आणि अरुणाने एक टोक हातात घेतलं. कुणीतरी म्हणालं, "गाठ दुसऱ्या कुणाला तरी मारू दे बाई." सगळे हसले, फार वाईट हेतूने नव्हे. अरुणाही हसली. दिवाळीच्या फराळाला कुणी आपल्या गाडीतून डबे नेताना म्हणालं, "अरुणाला विचारू नका, मी ठेवते नीट." सुबोध अशा वेळी तिची बाजू घ्यायचा. "पुरे आता, ती आधीच मनाला लावून घेते," असं म्हणायचा. लोकांना वाटायचं, किती सांभाळून घेतो.

रुचिराचा हात बरा झाला, पण पकड गेली. प्रयोगशाळेत बारीक नळ्यांतून थेंब सोडायचं काम तिला जमेना, हात थरथरे. शेवटी ते सोडून ती त्याच संस्थेत कुठल्याशा खुर्चीवर बसून रिपोर्ट तपासायला लागली. अरुणा तिच्याकडे सुरुवातीला डबे घेऊन जायची. रुचिरा डबा घ्यायची, थँक्यू म्हणायची, आणि बसायला सांगायची नाही. अरुणाने जाणं बंद केलं. बॅडमिंटनची रॅकेट पलंगाखाली सरकली.

सुबोधला ग्रॅहमने बढती दिली. सुबोधने एटीव्ही आणि मोडकी कॅरॅव्हॅन विकून टाकली आणि सायकल घेतली.

आणि जाई. जाई शाळेच्या कॅम्पला निघाली होती. अरुणा तिच्या पाठपिशवीला झोपायची गुंडाळी बांधत होती. जाई दारात उभी राहून म्हणाली, "आई, इट्स ओके. लेट पापा डू इट, लाह." शेवटच्या 'लाह'सकट, सिंगापुरी मुलांसारखं, तिने ते इतक्या सहज म्हटलं की अरुणाला रागावताही आलं नाही. तिने गुंडाळी सोडून दिली.

दोन हजार अठरात प्रबोधच्या पासचं नूतनीकरण झालं नाही. तो एकटाच नव्हता, त्या वर्षात ओळखीतली बरीच घरं हलली. प्रबोधचं नशीब एवढं की बँकेच्या पुण्याच्या ऑफिसात त्याची सोय झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात अरुणाने धीर केला आणि पासिर रिसला गेली. आधी बस, मग शेवटच्या स्टेशनापर्यंत मेट्रो, इथली एमआरटी. रुचिराने दार उघडलं. फ्लॅटभर खोके होते. बसायला दोन प्लॅस्टिकची स्टुलं उरली होती.

चहा झाला. जाईची शाळा, पुण्यातला ट्रॅफिक, असलं बोलून झालं. मग अरुणा म्हणाली, "रुचिरा, मला तुला एक सांगायचंय. ते पट्टे सुटले नव्हते."

"माहीत आहे मला," रुचिरा म्हणाली.

अरुणाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मी मागेच बसले होते ना. तू थांब म्हणालीस ते ऐकलं मी. पंप गेला तो पाहिला. ब्रेक नको म्हणालीस तेही ऐकलं. आणि ती गाडी तू वजनामुळे नको म्हणत होतीस, पट्ट्यांमुळे नाही, एवढं समजायला मला शास्त्रज्ञ असायची गरज नव्हती."

"मग चार वर्षं तू माझ्याशी बोलली का नाहीस?"

रुचिराने डाव्या हाताने कप खाली ठेवला. ती आता सगळं डाव्याच हाताने करायची. "मी शुद्धीवर आले तेव्हा प्रबोधने मला सांगितलं, पट्टे अरुणाने बांधले होते, गाडी सुटली. मी म्हटलं, अरुणा काय म्हणाली? तो म्हणाला, काहीच नाही. मी वाट बघितली. तू डबे घेऊन यायचीस. वांग्याची भाजी आणायचीस. मला वाटायचं, आज बोलेल. आज नवऱ्याचं नाव घेईल. तू विचारायचीस, मीठ बरोबर आहे का."

"मला वाटलं, मी त्याचं नाव घेतलं तर तुला वाटेल स्वतःला सोडवतेय."

"तुला माझ्या हातापेक्षा तुझं घर मोठं वाटलं. असेलही. माझंही मला तसंच वाटतं, म्हणून मीही कधी तोंड उघडलं नाही. प्रबोध सुबोधच्या हाताखाली होता. तुला गाडी चुकीची भरलीय हे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, अरुणा. तरी तू ती बांधलीस, आणि तरी मला घेऊन तीत बसलीस. मला राग पट्ट्यांचा कधीच नव्हता."

निघताना अरुणा एवढंच म्हणाली, "शनिवारी आमच्याकडे जेवायला येताय ना? सगळ्यांसमोर मी खरं सांगणार आहे. तू फक्त हो म्हण."

रुचिरा दार धरून उभी राहिली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

शनिवारच्या जेवणाला चार घरं होती. निरोपाचं जेवण सुबोधनेच योजलं होतं. अरुणाने अळूची भाजी केली, मसालेभात केला, जिलेबी बाहेरून आणली. जेवणं होत आली तेव्हा कुणीतरी जुन्या सहलींचा विषय काढला, आणि विषय निघाला की व्हायचं तेच झालं. कुणी प्रबोधला म्हणालं, "पुण्याला सामान नीट बांधून घे हो, अरुणावर सोडू नकोस."

अरुणा हातातलं भांडं टेबलावर ठेवून उभी राहिली.

"ते पट्टे सुटले नव्हते," ती म्हणाली. "गाडी उलटल्यावरही सुटले नव्हते. वजन मागे होतं. मी नको म्हटलं होतं, आणि रस्त्यात थांब म्हटलं होतं. सुबोध थांबला नाही. त्याने ब्रेक मारला. हे त्याला माहीत आहे."

सुबोधचा चेहरा क्षणभर उघडा पडला, आणि मग तो पुन्हा नेहमीसारखा झाला. त्याने अरुणाकडे बघितलं, फार मायेने.

"चार वर्षं झाली," तो पाहुण्यांना म्हणाला. "अजून तिच्या मनातून जात नाही. मीच कुणाला तरी दाखवायला हवं होतं तिला."

सगळ्यांच्या नजरा अरुणाकडे वळल्या. त्यात राग नव्हता, अविश्वासही नव्हता. कीव होती. शेजारच्या बाईने तिचा हात हातात घेतला.

"रुचिरा तिथे होती," अरुणा म्हणाली. "तिला विचारा."

रुचिरा ताटाकडे बघत होती. प्रबोध तिच्याकडे बघत होता. पुण्याच्या ऑफिसातली जागा सुबोधच्या शब्दावर मिळाली होती, आणि हजर व्हायला अजून दोन आठवडे होते.

"माझी शुद्ध हरपली होती," रुचिरा म्हणाली. "मला काही आठवत नाही. जाऊ दे ना अरुणा. मी कधी तुला दोष दिलाय का?"

मग कुणीतरी जिलेबी फार छान आहे म्हणालं, आणि बाकीच्यांनी घाईघाईने दुजोरा दिला.

पाहुणे गेल्यावर सुबोध खुर्च्या जागेवर लावत होता. "बरं वाटलं?" त्याने विचारलं.

"नाही," अरुणा म्हणाली.

"मग कशाला?" तो खरोखरच न कळल्यासारखा म्हणाला, आणि आत गेला.

जाई स्वयंपाकघराच्या दारात आली. सोळा वर्षांची, वडिलांएवढी उंच. तिने जेवताना सगळं ऐकलं होतं. "इज इट ट्रू?" तिने विचारलं.

"हो."

"देन व्हाय यू नेव्हर से?"

अरुणा नळाखाली हात धरून उभी राहिली. पास, शाळा, घर, तुझ्यासाठी, हे सगळं तिच्या जिभेवर आलं. ते मुलीच्या गळ्यात बांधायचं का, असा विचार करेपर्यंत जाई वाट बघत होती. मग ती म्हणाली, "नेव्हर माइंड," आणि आपल्या खोलीत गेली.

पुढच्या वर्षी अरुणाने एका ट्यूशन सेंटरमध्ये गणित शिकवायला सुरुवात केली. मुलांना ती आवडते. कामाला ती बसने जाते, लग्नामुंजीलाही बसने किंवा एमआरटीनेच जाते. सुबोध त्याच्या गाडीने येतो आणि दोघं हॉलच्या दारात भेटतात. लोक समजतात, तिला त्या अपघाताची भीती बसली आहे. पुण्याहून रुचिरा अधूनमधून फोटो पाठवते. नवीन घर, गच्चीतली झाडं. अरुणा "छान" असं लिहिते.

एका दुपारी अरुणा बाल्कनीत कपडे काढत होती आणि आत जाई मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. विषय कुणाच्या तरी ड्रायव्हिंग टेस्टचा होता. जाई म्हणाली, "माय पेरेंट्स हॅड धिस सुपर बॅड अॅक्सिडेंट वन्स. हूज फॉल्ट? डोन्ट नो, लाह. माय डॅड सेज वन थिंग, माय मॉम सेज अनदर."

अरुणा कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिली. आधी एकच गोष्ट होती. आता दोन झाल्या होत्या. मुलगी त्यांतली कुठली खरी मानते, हे आत जाऊन विचारावं असं तिला वाटलं. तिने उरलेले कपडे काढले, टोपली उचलली, आणि जाईच्या दारावरून पुढे गेली.